किल्ला आपला, नकाशा कोणाचा? (थ्रेड)

१/ जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतील जिंजी. अभिनंदनाच्या वर्षावात एक रुक्ष प्रश्न मागे राहिला: या किल्ल्यांची नोंद ज्या सरकारी नकाशावर करायची, तो वापरण्याचा अधिकार कोणाला?

२/ प्रश्न रुक्ष आहे, निरुपद्रवी नाही. २०१० च्या कायदेदुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, तर त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. मूळ हद्दच नकाशावर निश्चित नसेल, तर हे मीटर मोजायचे कोठून? ‘कॅग’च्या २०१३ च्या अहवालानुसार प्रत्यक्ष तपासलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. त्यांतली काही पुढे सापडली, हे खरे.

३/ ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ १७६७ पासूनची संस्था. दीर्घकाळ किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे तिचे तपशीलवार नकाशे सामान्यांना बंद होते. म्हणजे विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, रायगडसुद्धा! उलट, अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात बहुतांशी याच संस्थेच्या नकाशांवरून रचलेली १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून कोणीही फुकट उतरवून घ्यावी. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कामावर कॉपीराइट नसतो, एवढेच त्याचे कारण.

४/ २००५ च्या धोरणाने नागरिकांसाठी वेगळी नकाशामालिका आली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्वपरवानगीची अट काढली आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेली, गोपनीय नसलेली माहिती सरकारी संस्थांना विनामूल्य व इतरांना रास्त दरात द्यावी, असे सांगितले. पाऊल स्वागतार्हच होते.

५/ पण खरी गाठ दरात नाही, परवान्यात आहे. सरकारी नकाशा पायाशी ठेवून एखाद्या अभ्यासकाने तटबंदी, टाकी, चोरदिंडी गिरवली, तर ती रेषा कोणाच्या मालकीची? ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने २०१० साली काही नकाशे खुले केले. तरी गिरवलेल्या माहितीवरील हक्काच्या याच प्रश्नाने तेथील स्थानिक संस्थांना बरीच वर्षे अडवले. नोंद स्वतःची, पण प्रसिद्ध करायला नकाशाकाराची परवानगी! महाराष्ट्रात ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर वारसा-नोंदीसाठी गिरवलेली माहिती मुक्तपणे प्रसिद्ध करता येईल, असे परवान्यातच स्वच्छ लिहिले पाहिजे. केवळ ‘पाहण्यास खुला’ असलेला नकाशा या कामी निरुपयोगी आहे.

६/ आक्षेप एकच वजनदार: अचूक अक्षांश-रेखांश गुप्तधन उकरणाऱ्यांच्या हाती लागतील. उत्खनन न झालेल्या स्थळांबाबत ही भीती रास्त आहे. तेवढी स्थळे जरूर झाकावीत. मात्र तो निर्णय पुरातत्त्व खात्याने स्थळागणिक घ्यावा, नकाशा खात्याने सरसकट नव्हे. रायगडावरची बाजारपेठ तर उपग्रहचित्रात आजही कोणालाही दिसते.