कुलगुरूंचा खर्च आणि कर्मचाऱ्यांची दृष्टी

विद्यापीठाचा पैसा कुलगुरू कसा खर्च करतात, याविषयी एकाच आवारात परस्परविरोधी मते ऐकू येतात. नवे सभागृह उभे राहिले की ज्येष्ठ प्राध्यापकाला त्यात विद्यापीठाची प्रतिष्ठा दिसते. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुणाला आपले थकलेले मानधन आठवते. तान्हे मूल घरी ठेवून येणारी महिला कर्मचारी विचारते, पाळणाघराला निधी का नाही? लिपिक निवृत्तांच्या रिकाम्या खुर्च्या मोजतो. इमारत एकच, हिशेबही एकच. मग खरे कोणाचे?

हा केवळ गटबाजीचा प्रकार मानणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. ज्याचे जळते त्यालाच कळते. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी राज्याने जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना आणली. एकाच विभागात शेजारी बसणाऱ्या दोघांचे उद्याचे चित्रच त्यामुळे निराळे झाले. साहजिकच आजच्या खर्चाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही निराळी झाली.

खरा प्रश्न पुढेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचे वार्षिक लेखे अधिसभेपुढे येतात. तेथे निवडून आलेले अध्यापक बसतात. परंतु कायद्याच्या लेखी अध्यापक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अध्यापक. तासिकेवर वर्ग सांभाळणाऱ्याला तेथे स्थान नाही. कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत सांगितले. तरीही पदे रिक्त राहतात आणि तासिकेवरच वर्ग चालतात. ज्यांच्यावर काटकसरीचा भार सर्वाधिक, त्यांचाच आवाज सर्वांत क्षीण!

कुलगुरूंनाही न्याय दिला पाहिजे. अनुदानित पदे भरण्यास शासनाची अनुमती लागते. बांधकामासाठी मिळालेला निधी वेतनाकडे वळविता येत नाही. पण हे कर्मचाऱ्यांना कोणी सांगतच नसेल, तर संशयाला खतपाणी मिळणारच.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. कोणता पैसा कोठून आला आणि कोठे गेला, याचा सोप्या मराठीतील ताळेबंद दरवर्षी प्रत्येक विभागात लावावा. आणि कर्मचाऱ्यांचे मत घेताना कायम, कंत्राटी, महिला, शिक्षकेतर अशा प्रत्येक स्तराचे म्हणणे स्वतंत्रपणे नोंदवावे. सरासरीच्या समाधानात दुर्बलाचे दुःख बुडून जाते. संस्था हे कुटुंब आहे असे म्हणायचे असेल, तर पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात काय पडले, हे कर्त्याने आधी पाहिले पाहिजे.