खऱ्या तबकडीचे सोवळे

नवशिक्याने हाती पैसे थोडे असताना डीजेचे पहिले यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न साहित्य-समीक्षेच्या पानावर कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. या प्रश्नाची रूढ उत्तरे तपासून पाहिली तर त्यांत यंत्राविषयी फार थोडे आणि कलेवरच्या मालकीविषयी बरेच काही सापडते, एवढेच आमचे समर्थन. मालकीचा हा वाद साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नसावा.

रूढ उत्तरे दोन आहेत. पहिले शुद्धतावाद्यांचे. त्यांच्या मते टेक्निक्सची एसएल-१२०० जातीची दोन टर्नटेबले आणि विनाइलच्या तबकड्या म्हणजेच खरी साधना. ऐपत नसेल तर थांबावे, पैसे साठवावेत, पण संगणकाला जोडायच्या कंट्रोलरला हात लावू नये, कारण त्याने हात कायमचा बिघडतो. दुसरे उत्तर बाजाराचे. त्याच्या मते जितकी बटणे आणि दिवे अधिक तितके यंत्र उत्तम, आणि दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारे 'सिंक' असले की शिकण्याचे कष्टच नकोत. ही उत्तरे परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच समज आहे: कला यंत्रात असते आणि यंत्राबरोबर ती विकत मिळते. आमचे भांडण या समजाशी आहे.

शुद्धतावादी इतिहासाची साक्ष काढतात, म्हणून इतिहासच पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून नाचाची मेजवानी ठेवली. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५०. संगीताची बाजू तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क, याने वडिलांच्या ध्वनियंत्रणेवर सांभाळली. गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा लांबवण्यासाठी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावण्याची त्याची युक्ती पुढे हिपहॉपचा पाया ठरली. त्याच परिसरातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला तबकडी हाताने थोपवताना खालची रबरी चटई आड येई. त्याची आई शिवणकाम करी. कापडांचा पोत त्याला ठाऊक होता. त्याने फेल्टचा गोल तुकडा कापला, त्याला स्टार्च लावून इस्त्री केली आणि तबकडीखाली घातला. आज दुकानात 'स्लिपमॅट' म्हणून मिळते ती वस्तू अशी घरच्या इस्त्रीखालून निघाली आहे.

आणि ज्या एसएल-१२००चे सोवळे आज पाळले जाते, ते यंत्र १९७२ साली बाजारात आले तेव्हा घरी बसून संगीत ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी होते. डीजेंनी ते आपल्या कामाला जुंपले; १९७९च्या एमके-२ आवृत्तीत वेग बदलण्यासाठी सरकती पट्टी आली ती त्यानंतर. २०१० मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, आणि २०१६ मध्ये पुनरागमन केले तेव्हा एसएल-१२००जी या आवृत्तीची किंमत होती ४,००० डॉलर. २०१९ची एमके-७ आवृत्ती पुष्कळ स्वस्त आहे हे खरे. पण यंत्रे दोन लागतात, शिवाय मिक्सर, सुया आणि तबकड्या वेगळ्याच. २५ सेंटांच्या मेजवानीत जन्मलेल्या कलेच्या दाराशी हा जकातनाका उभा करणाऱ्यांनी निदान परंपरेचे नाव तरी घेऊ नये.

मग शिकायचे काय असते? दोन ध्वनिस्रोत एकाच वेळी ऐकणे. श्रोत्यांना एक ऐकू येत असताना दुसरा केवळ हेडफोनमध्ये तपासणे. आणि दोघांची लय जुळवणे. एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२४चे असेल, तर पहिल्याचा वेग सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एसएल-१२००ची पट्टी दोन्ही दिशांना ८ टक्के वेग बदलते, म्हणून हे जमते. १०० आणि ११० ठोक्यांची गाणी तिच्यावर सहज जुळत नाहीत. ते कान ओळखतो, आकडा नंतर कळतो. हे कानाचे शिक्षण आहे, आणि कानाला यंत्राची जात कळत नाही.

तेव्हा निवडीचे निकषही या शिक्षणातूनच निघावेत. घरात संगणक असेल तर दोन चकत्यांचा साधा कंट्रोलर पुरेसा आहे. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात: वेगाची पट्टी शक्य तितकी लांब असावी, म्हणजे बारीक फरक हाताला साधतो, आणि हेडफोनची जोडणी मुख्य आवाजापासून स्वतंत्र असावी. अगदी स्वस्त यंत्रांत नेमकी हीच सोय गाळलेली असते आणि वेष्टनावर दिव्यांचीच चित्रे असतात. तेवढेही परवडत नसेल तर 'मिक्स' नावाचे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर असलेल्या संगणकावर घालून आजच सुरुवात करता येते. 'सिंक'चे बटण पहिले काही महिने बंद ठेवावे. ते पाप म्हणून नव्हे, तर गाइड वाचून कविता 'झाली' असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जे सांगतो तेच इथेही लागू आहे म्हणून.

शुद्धतावाद्यांचा एक मुद्दा आम्हांला पूर्ण मान्य आहे. ज्याला 'स्क्रॅच' शिकायचे आहे, त्याला बोटाखाली खरोखर फिरणारी तबकडी हवी. तिचे वजन, तिची ओढ आणि तिचा हट्ट प्लास्टिकच्या स्थिर चकतीत मिळत नाही. पण याचा निष्कर्ष 'दोन टेक्निक्स अथवा काहीच नाही' असा निघत नाही. निष्कर्ष असा, की मोटर थेट तबकडीखाली असलेले, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्हचे, कोणत्याही कंपनीचे एकच जुने टर्नटेबल आणि दोन चॅनेलांचा बरा मिक्सर घ्यावा. पट्ट्यावर चालणारी दोन नवी यंत्रे त्याच पैशांत मिळत असली तरी घेऊ नयेत: हाताने थोपवले की पट्टा घसरतो, आणि सोडल्यावर थाळी वेग घ्यायला रेंगाळते. जुने यंत्र घेताना सुईच्या दांडीत ढिलेपणा आहे का, आणि वेगाची पट्टी मध्यावर अडखळते का, हे स्वतः पाहावे. टर्नटेबलचा संकेत अतिशय क्षीण असतो. मिक्सरवर 'फोनो' लिहिलेलीच जोडणी त्याला लागते. एवढे ज्ञान नवशिक्याला पुरते. ते देण्याऐवजी जो त्याला नाममुद्रेची नावे ऐकवतो, तो गुरू नव्हे, गिऱ्हाइकाला दटावणारा दुकानदार होय.

मराठी वाचकाला या प्रकरणाची एक जास्तीची बाजू आहे. आपल्या भाषेत 'डीजे' हा माणूस राहिलेलाच नाही. 'डीजे लावला', 'डीजेवर बंदी' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत असते. गाणी निवडणारा, एकाशेजारी दुसरे ठेवून दोघांचाही अर्थ बदलणारा माणूस शब्दातून गळून गेला आणि यंत्र तेवढे उरले. कला यंत्रात असते या समजाचा याहून ठळक पुरावा कोणता? ही कला शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना त्यामुळे घरी भिंतीचा तिरस्कार सोसावा लागतो आणि बाहेर शुद्धतावाद्यांचा. दोन्हीकडून त्यांना एकच ऐकवले जाते: हे तुझे काम नव्हे.

साठच्या दशकात मराठीतली कित्येक लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर निघाली. छापखाना परवडेपर्यंत थांबा, असे त्या कवींना सांगणारे तेव्हाही असतील. ते थांबले नाहीत, म्हणून आज आपण ती कविता वर्गात शिकवतो. तबकडीपाशी उभ्या असलेल्या नवशिक्यालाही आमचे सांगणे हेच आहे: जे यंत्र या महिन्यात घेता येते ते घ्या, हेडफोन त्यातल्या त्यात चांगला घ्या, आणि ऐकू लागा.