गुडघ्याची झीज आणि टेट्रासायक्लिन

टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकांचे जुने घराणे. त्यातील पहिले औषध ऑरिओमायसिन १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर आले. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते बेंजामिन डगर यांनी मिळवले. तेथील संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. जंतूंची वाढ रोखणे हेच या औषधांचे काम मानले जाई. गुडघ्याशी त्यांचा संबंध जोडण्याचे कारण नव्हते.

तो संबंध पुढे हिरड्यांच्या वाटेने उघड झाला. मधुमेहात हिरड्यांमधील कोलॅजन हे प्रथिन झपाट्याने नष्ट होते. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील दंतसंशोधक लॉर्न गोलुब यांनी १९८३ च्या सुमारास मधुमेही उंदरांना याच घराण्यातील मिनोसायक्लिन दिले, तेव्हा हा नाश मंदावला. जंतू हटले म्हणून असे घडले, ही शंका साहजिक होती. परंतु पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही तोच परिणाम दिसला. मारायला जंतूच नव्हते, तरी औषध काम करीत होते.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि त्यात पाणी धरून ठेवणारे पदार्थ, अशी तिची रचना. शरीरातीलच काही एन्झाइमे, म्हणजे विकरे, हे जाळे तोडतात. या विकरांना जस्त आणि कॅल्शियम लागते आणि टेट्रासायक्लिन नेमके अशा धातूंना धरून ठेवते. दुधासोबत घेतल्यास ही औषधे नीट शोषली जात नाहीत, तेही याच गुणामुळे. लहान मुलांचे दात त्यांनी कायमचे पिवळे पडतात, त्याचेही मूळ तेच.

हिरड्यांच्या विकारासाठी डॉक्सिसायक्लिनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळीला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ही मात्रा जंतू मारण्यास अपुरी, पण विकरांना आवरण्यास पुरेशी आहे. सांध्यांच्या बाबतीत मात्र हिशोब इतका सरळ उतरला नाही. कुत्र्यांवरील प्रयोगांत आशा दिसल्यावर अमेरिकेत ४३१ स्थूल स्त्रियांवर चाचणी झाली. प्रत्येकीचा एक गुडघा संधिवाताने झिजलेला होता. अर्ध्या जणींना रोज २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी देण्यात आली. तीस महिन्यांनी क्ष-किरण चित्रात दुखऱ्या गुडघ्यातील सांध्याची फट साध्या गोळीवर ०.४५ मिलिमीटरने, तर औषधावर ०.३० मिलिमीटरने कमी झालेली आढळली. म्हणजे झीज एक तृतीयांशाने घटली. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण सरासरी वेदनेत फरक पडला नाही आणि दुसऱ्या गुडघ्याचे रक्षणही झाले नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वहीत नफा दिसला, गल्ल्यात रोकड आली नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधील २३२ रुग्णांच्या चाचणीत लक्षणांबाबत औषध आणि साधी गोळी सारखीच ठरली. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेचा निर्वाळाही प्रतिकूलच आहे: लाभ अल्प, अपाय त्याहून अधिक.

म्हणून गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून ही गोळी परस्पर आणणे सर्वथा अयोग्य. महिनोन्‌महिने घेतलेले प्रतिजैविक जंतूंना निर्ढावते, त्वचेला ऊन सोसत नाही. गर्भवतींना व लहान मुलांना तर ते सहसा देतच नाहीत. दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलेच, तर ते पेलाभर पाण्यासोबत घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण पडतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्ताच्या घाईत संध्याकाळची गोळी घोटभर पाण्यावर गिळली जाते, तेथे ही सूचना विशेष महत्त्वाची. वेळ कशी बसवावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

गोलुब यांच्या गटाने पुढे टेट्रासायक्लिनच्या रेणूत बदल करून जंतुनाशक शक्ती काढून टाकलेली, केवळ विकरांना रोखणारी संयुगे तयार केली. गुडघ्याच्या उपचारात त्यांपैकी एकही अद्याप रूढ झालेले नाही. तोवर वजन उतरवणे आणि मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, हेच उपाय डॉक्टर प्रथम सुचवतात.