ओळख कसली शोधता? वही दाखवा

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांतून हल्ली वर्षाला दोन-तीन तरी फोन येतात. "काका, मुलीला थिअरॉटिकल फिजिक्समध्ये प्रोजेक्ट हवाय. पुण्या-मुंबईत कुणी ओळखीचं?" मी बी.कॉम., जन्म बँकेत गेला. फिजिक्स वाचण्यापुरतं. पण अर्ज कसा वाचतात ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

एका मुलाने साठ प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवला होता. त्यात स्ट्रिंग थिअरी, कृष्णविवरं, क्वांटम, सगळ्याची 'प्रचंड आवड'. उत्तर शून्य. घरचे म्हणाले, वशिला नाही ना आपला! अहो, 'कोणताही धंदा करीन, पण कर्ज द्या' अशा अर्जाचं आम्ही काय करायचो? पहिला प्रश्न असायचा, तुमचे स्वतःचे किती घातलेत?

प्रयोगशाळेत नवख्याला उपकरणाचं एखादं काम तरी देता येतं. थिअरीत तसं नाही. तिथे मेकॅनिक्स, क्वांटम आणि गणित हातात नसेल तर सरांनाच शिकवत बसावं लागतं. म्हणून बी.एस्सी.च्या मुलाला बहुधा 'रीडिंग प्रोजेक्ट' मिळतो. एक पुस्तक किंवा जुना पेपर घ्यायचा आणि त्यातली गणितं स्वतः करून दाखवायची. याला कमी लेखणारे आईबाप मी पाहिलेत. मला तर हीच खरी उमेदवारी वाटते.

आपल्या गुजरातचंच उदाहरण घ्या. प्रल्हाद चुनीलाल वैद्य, जुनागढकडचे. 1942 साली बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ते बनारसला गेले, विष्णु वासुदेव नारळीकरांकडे. (जयंतरावांचे वडील, मूळ कोल्हापूरचे. तेही आपल्यासारखेच बाहेर स्थिरावलेले!) साठवलेल्या पैशांवर दहाएक महिने काढले. श्वार्ट्सशिल्डचं 1916 चं उत्तर प्रकाश न टाकणाऱ्या ताऱ्याचं होतं; तारा प्रकाश टाकत असेल तर त्याच्याबाहेरचं गुरुत्वाकर्षण कसं मांडायचं, हा तो प्रश्न. 1943 साली वैद्यांनी तो सोडवला. जगभर त्याला 'वैद्य मेट्रिक' म्हणतात. पुढे ते गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सगळं विश्व नाही, एकच नेमका प्रश्न धरला होता त्यांनी.

तेव्हा मुलांनो, पत्र दहा ओळींचं लिहा. कोणतं पुस्तक, किती प्रकरणं, किती गणितं सोडवली, कुठे अडलं, एवढंच. सोबत वहीच्या चार पानांचा फोटो जोडा. त्या प्राध्यापकाचा एक तरी पेपर आधी उघडून बघा, अर्धा कळला तरी चालेल. आणि पहिलं दार आपल्याच कॉलेजातल्या सरांचं ठोठवा, शिफारसपत्र शेवटी तेच देणार आहेत.

आईबापांसाठी एक. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप, टीआयएफआरचा व्हीएसआरपी, आयुकाचा सुट्टीतला कार्यक्रम, हे सगळे खुल्या अर्जाने मिळतात. पहिल्या दोहोंत तर वर विद्यावेतन. अर्ज मात्र थंडीतच भरायचे असतात. मला फोन एप्रिलमध्ये येतात.