सटाण्यास स्तंभ नको, इस्पितळ हवे

बौद्ध बंधुभगिनींनो,

बागलाणातून लष्करात गेलेल्या व परत न आलेल्या आपल्या जवानांचे स्मारक सटाण्यात व्हावे, असे तुम्हांस वाटते. ते योग्यच आहे. पण स्मारक म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे दगडी स्तंभच का उभा राहतो?

कोरेगावचा स्तंभ आपल्याला वंदनीय आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्यावर आहेत; १ जानेवारी १९२७ रोजी स्वतः बाबासाहेब तेथे गेले होते. परंतु ती नावे दगडावर कायम असतानाच इंग्रज सरकारने १८९० नंतरच्या काळात महारांची भरती बंद केली. महायुद्धात नड भासली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि नड सरताच १९२१ साली मोडली. कोरलेल्या अक्षरांनी त्या शिपायांच्या नातवंडांना काय मिळवून दिले?

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की त्याच वर्गणीतून लहानसे इस्पितळ बांधावे. चार खाटा, रात्री हजर असणारी परिचारिका, सर्पदंशावरील इंजेक्शन; आणि दारावर जवानांची नावे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातील कित्येक गावांनी हेच केले. अँडोव्हरचे इस्पितळ १९२६ साली उघडले, ते आजही युद्धस्मारक याच नावाने ओळखले जाते. सटाणेकरांस तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १८७०-७१ च्या दुष्काळात भुकेल्यांसाठी सरकारी खजिना उघडणाऱ्या मामलेदारास याच गावाने देव केले. (माणसाला देव करणे आपल्याला मान्य नाही, पण लोक कशाची आठवण ठेवतात ते पाहा.)

कोणी म्हणेल, हे तर सरकारचे काम. खरेच आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने ते सरकारवर टाकले आहे आणि त्याचा तगादा आपण सोडावयाचा नाही. पण तगादा चालू असताना बाळंतीण थांबत नाही.

दुसरे कोणी म्हणेल, इस्पितळ आपल्या लोकांपुरतेच ठेवा. याला माझा सक्त विरोध आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णास इस्पितळात प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमाने गुन्हा ठरले. तो कायदा हाती घेऊन दुसऱ्याचे दार ठोठावणाऱ्यांनी आपले दार लावून घ्यावे काय? मराठा येवो, कोकणा येवो, भिल्ल वा मुसलमान येवो. आधी खाट द्यावी, मग नाव विचारावे.

आणि जमीन कोणा पुढाऱ्याच्या नावावर घेऊ नका. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली संस्था नोंदवा. मग ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून ती जमीन विकता येणार नाही. विश्वस्तांत निदान दोन स्त्रिया असू द्या, आणि प्रसूतीच्या खोलीविषयी त्यांना विचारल्याखेरीज इमारतीचा नकाशा काढू नका.