चिमूटभर मीठ आणि बाळाचा मेंदू

आमटीत मीठ घालताना गृहिणीच्या मनात चवीखेरीज दुसरा विचार सहसा येत नाही. परंतु ती गर्भवती असेल, तर त्या मिठात आयोडीन आहे की नाही, यावर होणाऱ्या बाळाच्या बुद्धीची वाढ पुष्कळ अंशी अवलंबून असू शकते.

गर्भावस्थेत मेंदूतील पेशी अतिशय वेगाने प्रथिने तयार करीत असतात. काही प्रथिने पेशीला आकार देतात, काही तिचे तंतू वाढवितात, तर काही त्या तंतूंवर मायेलीनचे वेष्टन चढविण्याच्या कामी येतात. या वेष्टनामुळे संदेश जलद जातात. प्रत्येक प्रथिनाची कृती पेशीकेंद्रातील जनुकांत असते. तिची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण तिच्याबरहुकूम अमिनो आम्ले एकापुढे एक ओवून प्रथिन सिद्ध करतात.

यांपैकी कित्येक जनुकांना कामाला लावते ते गळ्यातील अवटु, अर्थात थायरॉइड, ग्रंथीचे संप्रेरक. आणि आयोडीनवाचून ते तयारच होत नाही. पहिले तीन महिने गर्भाला हे संप्रेरक केवळ मातेकडूनच मिळते. या काळात आयोडीनची तीव्र उणीव राहिल्यास मूल मतिमंद किंवा मूकबधिर होण्याचा संभव असतो, आणि ही हानी मागाहून औषधाने पुरती भरून निघत नाही.

हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात पावसापुरांनी जमिनीतील आयोडीन धुऊन नेल्यामुळे पूर्वी गलगंड फार असे. तेथील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याच्या दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यास साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. तिसऱ्यात तो तसाच राहिला. मग त्या भागासही आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढास दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवतीस २५० लागते. त्यासाठी मीठ अधिक खाऊ नये. आहे तेवढेच आयोडीनयुक्त असावे. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, ऊन, ओल आणि चुलीची धग यांपासून दूर ठेवावे व शक्यतो पदार्थ शिजल्यावर घालावे. बाळाच्या प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्ले डाळी, दूध, अंडी यांतून मातेला मिळतात. तेव्हा तिच्या ताटातील वरणाची वाटीही भरलेली असू द्यावी.