हमालांचा निवारा आणि आपले कर्तव्य

व्यापारीबंधूंनो,

धान्यास ओल लागू नये, सोंडे पडू नयेत, म्हणून आपण पक्की गोदामे बांधतो. परंतु जे हमाल ती पोती पाठीवरून वाहतात, ते रात्री कोठे निजतात, हा प्रश्न आपल्या बैठकींत क्वचितच निघतो. बेळगावची पेठ असो वा निपाणीच्या तंबाखूच्या वखारी असोत, कष्टकऱ्यास परवडेल अशी भाड्याची खोली मिळणे दुर्घट झाले आहे.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. तथापि तीतून स्वतः घर बांधण्यास अनुदान हवे, तर जागा मालकीची लागते. ज्याच्यापाशी हातभर भूमी नाही, त्याने काय करावे? सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी यावर सहकाराचा मार्ग काढला. कुंभारी येथे सुमारे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली घरे त्यांच्या ताब्यात आली. पुढे रे नगरात ३०,००० घरांचे काम हाती घेण्यात आले व त्यांपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांस मिळाली. निपाणीही विडीचेच गाव आहे.

परंतु हंगामापुरत्या आलेल्या माणसास मालकीचे घर नको असते. त्यास अल्प भाड्याची, स्वच्छ खोली हवी असते. २०२० च्या टाळेबंदीत असे सहस्रावधी मजूर पायी गावी परतले, तेव्हा शासनास या उणिवेची जाणीव झाली. त्याच वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना निघाली आणि २०२४ च्या नव्या आवास योजनेतही भाड्याच्या घरांस स्वतंत्र स्थान मिळाले. खासगी संस्थांनी आपल्या जागेवर अशा इमारती बांधाव्यात, हेही त्यांत अभिप्रेत आहे. येथेच आपला संबंध येतो.

भाडेकरू एकदा आला की जागा गेली, ही भीती १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून आपल्या मनांत घर करून आहे. ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच एकेकट्या व्यापाऱ्याने नव्हे, तर संस्थेने रीतसर लेखी करार करून हे काम करावे. त्यांत दुसराही लाभ आहे. खोली शेटजींची असली, तर नोकरीबरोबर निवाराही जातो आणि मजूर मिंधा होतो. संस्थेच्या खोलीत तसे होणार नाही.

हे कार्य आपणांस नवे नाही. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे चालविली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आवासदानाची गणना चतुर्विध दानांत केली आहे. ते त्यागीजनांस उद्देशून आहे खरे. पण त्यामागील करुणा श्रमिकापाशी येऊन थांबावी काय?

आपल्या संस्थेने यंदा एक भूखंड व एक छोटी समिती नेमून द्यावी, एवढीच विनंती. प्रारंभ वीस खोल्यांनी झाला तरी पुष्कळ.